सातात दोन

८ जानेवारी

प्रिय हवामानबाई,

नावाआधी 'सौ.' लिहावं की नको ते कळेना. तुम्हा दोघांचं कागदोपत्री काय ठरलंय ते भाऊ सांगत नाही आणि मी विचारत नाही. म्हणून जुन्याच नावानं हाक मारली. रागावू नकोस. तू वेधशाळेत नोकरीला लागलीस तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं आणि तेव्हा तू हसली होतीस.

फोन करून पाहिला, तुझा नंबर काही लागत नाही. सहा वर्षांत एकदाही विचारपूस केली नाही म्हणशील. खरंय. पण दुकान, गुडघे आणि पोरगी यांत बाईमाणसाचे दिवस कुठे जातात ते तुला मी काय सांगू? शिवणाच्या आता चार मशीनी झाल्यात. ठमी तेवीस वर्षांची झाली. तिचं लग्न ठरलंय. मुलगा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. माणसं मोठी आहेत, नाकं त्याहून मोठी.

काम असं आहे. गेल्या महिन्यात सकाळी घड्याळाचा गजर झाला आणि ठमी उठता उठता पलंगाशी कोसळली. अर्ध्या मिनिटात उठून बसली. अशक्तपणा, दुसरं काय! खरेदीच्या धावपळीत जेवणाचा पत्ता नव्हता. पण ही पोरगी डॉक्टरीणबाईंना सांगून बसली की माझा मामेभाऊ अकराव्या वर्षी पोहण्याच्या तलावात गेला, त्याला हृदयाचं काहीतरी होतं. झालं! त्यांनी आनुवंशिक आजारांच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या सल्लागार बाईंनी पुन्हा तो घराण्याचा तक्ता काढला, बायकांना गोल आणि पुरुषांना चौकोन. मी सगळं नीट सांगितलं. त्या म्हणाल्या, जोखीम नगण्य आहे, पण तुझ्या टिल्लूचा रिपोर्ट मिळाला तर रक्तात नेमकं कुठे पाहायचं ते कळेल. त्या रिपोर्टवर तुझी सही लागते म्हणे. नुसती फॉर्मॅलिटी आहे.

झालं गेलं विसरून जा. तू शहाणी आहेस. ठमी तुझ्या टिल्लूची ताईच ना!

तुझी वन्सं

१५ जानेवारी

वन्सं,

फोन लागत नाही कारण तुमचा नंबर मी सहा वर्षांपूर्वीच अडवून ठेवलाय. जे बोलायचं ते कागदावर बोला. तोंडचं तुम्ही फिरवता.

विसरून जा म्हणता. टिल्लू गेला त्या आठवड्यात मी आत कप विसळत होते. तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आमच्या घरात सात पिढ्यांत असलं काही नाही. हिच्या बापाचाच पत्ता नाही, कुणास ठाऊक कसलं रक्त घेऊन आली." कुणीही तुम्हाला गप्प केलं नाही. तुमच्या भावानंही नाही.

माझा बाप मी दोन वर्षांची असताना निघून गेला. मावशीनं वाढवलं. म्हणून टिल्लू गेल्यावर काढलेल्या त्या तक्त्यात माझ्या बाजूला नुसती प्रश्नचिन्हं पडली. तुमचे भाऊ मान खाली घालून बसले होते, तर त्यांच्या बाजूची उत्तरं तुम्ही दिलीत. तुमची बाजू कशी इस्त्री केल्यासारखी स्वच्छ! मग दोष कुणाच्या पदरात पडणार होता?

नंतर मी माझं रक्त तपासून घेतलं. टिल्लूमध्ये जो बदल सापडला तो माझ्यात नाही. म्हणजे तो कुठून आला ते शेंबड्या पोरालाही कळेल. तोवर मी मावशीकडे राहायला गेले होते, तिथून तो रिपोर्ट तुमच्या भावाला घरी रजिस्टर पोस्टानं पाठवला. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस मात्र आली. पोचपावती माझ्याकडे आहे आणि तिच्यावरची सही तुमची आहे, वन्सं.

टिल्लूचा रिपोर्ट माझ्या कपाटात आहे. सही करायला मला अर्धं मिनिट लागेल. पण मी करणार नाही. जोखीम खरंच नगण्य असती तर तुम्ही मला पत्र लिहिलं असतंत? तुम्ही माझ्याकडे चिमूटभर मीठ मागायलाही आल्या नसतात. तेव्हा आधी एवढंच सांगा: तुमची धाकटी बहीण कशानं गेली?

हवामानबाई

२० जानेवारी

तुझं पत्र दुकानातच वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी उलट्या बाजूनं कात्री चालवली.

एवढं विष? लग्नाच्या मुलीचा जीव टांगणीला लावून तू माझ्यावर सूड उगवणार? तिनं तुझं काय वाकडं केलंय? टिल्लूला सायकल तिनं शिकवली. त्याच्यासाठी ती महिनाभर जेवली नाही. आणि तू कपाटाला कुलूप लावून बसतेस! बरं झालं भाऊ वेगळा झाला ते.

धाकटीचं विचारतेस. सगळ्या जगाला माहीत आहे. तापानं गेली. ताप डोक्यात चढला. चौदा वर्षांची होती बिचारी. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मीच तिच्याजवळ होते, माझ्याच मांडीवर गेली ती. मेलेल्या पोरीला उकरून काढायला तुला लाज वाटत नाही?

आणि माझ्याकडे बघ. मी बावन्न वर्षांची आहे. कधी साधी भोवळ आली नाही. आमच्यात काही असतं तर मला झालं नसतं का?

सही कर आणि मोकळी हो.

वन्सं

२७ जानेवारी

वन्सं,

ताप डोक्यात चढलेली मुलगी शाळेत काय करत होती?

खोटं बोलायचं तर निदान जुळवून तरी बोलावं. घंटा झाली आणि ती पडली. शिट्टी झाली आणि टिल्लू पाण्यात गेला तो वर आलाच नाही. गजर झाला आणि ठमी पडली. हा आजार असाच असतो. दचकवणारा आवाज, थंड पाणी, आणि हृदयाचा ठेका बिघडतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा तीस वर्षं आधी माहीत होतं.

आता 'मला झालं नसतं का' याचं उत्तर. मी पावसाची शक्यता साठ टक्के म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "साठ-बिठ राहू दे, छत्री घेऊ की नको ते बोल." आज बसा आणि ऐका. ढग आला म्हणजे पाऊस पडतोच असं नाही. हा बदल अंगात असला म्हणजे आजार दिसतोच असं नाही. दवाखान्यानं मला सांगितलंय, बदल असलेल्या शंभरातल्या साठ जणांना त्रास होतो. चाळीस जण म्हातारे होऊन मरतात आणि जाता जाता पोरांना देऊन जातात.

दुकानातला बटणांचा डबा घ्या. पाच काळी बटणं काढा, पाच पांढरी. काळं म्हणजे बदल आहे, पांढरं म्हणजे नाही. धाकटी गेली, टिल्लू गेला, म्हणजे तुमच्या आईत नाहीतर वडिलांत तो होता. मग तुम्हा प्रत्येक भावंडाला निम्मी-निम्मी शक्यता. पाच नि पाच. आता शंभरात साठ, म्हणजे पाचात तीन. काळ्यांतली तीन उचलून बाजूला ठेवा. ही तीन म्हणजे ज्यांना त्रास झाला ती माणसं. तुम्हाला कधी झाला नाही, तेव्हा तुम्ही त्यांतल्या नाही. उरली किती? सात. त्यांत काळी किती? दोन.

सातात दोन. बावन्न वर्षं ठणठणीत राहून तुम्ही एवढंच मिळवलंत. पाचाची दोन झाली, शून्य नाही झाली. तुमच्यात असेल तर ठमीत निम्म्यानं, म्हणजे सातात एक. आणि हे ती पडली नसती तर. ती पडली आहे. आता आकडा कुठवर चढतो ते मी लिहीत नाही. तुमच्या डोक्याला काम राहू दे.

सल्लागार बाईंचं गणित चुकलेलं नाही. तुम्ही त्यांना धाकटी दिलीच नाहीत. आम्हीसुद्धा पाऊस मोजायच्या भांड्यावर झाकण ठेवून रोज 'कोरडं' लिहू शकतो.

माझी अट ऐका. धाकटी कशी गेली, तुम्ही काय लपवलंत, कुणापासून, कशासाठी, सगळं लिहा. स्वतःच्या हातानं. खाली सही. ते पत्र तुमच्या भावाच्या नावानं असेल आणि येईल माझ्याकडे. ते मिळालं की मी सही करेन. नाही मिळालं तर नाही.

हवामानबाई

४ फेब्रुवारी

वहिनी,

तू धाकटी, पण तुला आज वहिनी म्हणते. पाया पडते.

बटणं मांडली. तीनदा मांडली. दर वेळी दोन काळी उरतात. दुकानात कामाला असलेली मुलगी विचारते, ताई, कुणाच्या शर्टाची काढलीत? काय सांगू तिला!

घरातलं गजराचं घड्याळ मी माळ्यावर टाकलं. दाराची घंटा काढली. ठमीचा फोन दिसला की आवाज बंद करते, ती माझ्यावर ओरडते. परवा कुकरची शिट्टी होईल म्हणून गॅसच बंद केला. अर्धकच्चा भात खाल्ला दोघींनी. ती झोपलेली असली की मी तिच्या छातीकडे बघत बसते. ती मात्र हसते आणि म्हणते, आई, तुला झालंय तरी काय?

तुला सांगते. धाकटीला ताप नव्हता. घंटा झाली, ती दचकली आणि पडली. संपलं. घरी आणल्यावर आईनं मला आत नेलं. मी सोळा वर्षांची होते. म्हणाली, ताप होता म्हणायचं. घरात असलं काही आहे असं कळलं तर तुला कोण करून घेईल? माझ्याकडून वचन घेतलं. माझं लग्न त्या तापावर झालंय, वहिनी. पुढे पुढे मला तो ताप खराच वाटायला लागला. भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला कुणीच कधी सांगितलं नाही.

आणि तुझा रिपोर्ट मी भाऊला दिला नाही. मी त्याच्या घरी गेले होते, पोस्टमन आला, सही केली, उघडून वाचलं. आमच्याच बाजूचं आहे हे कळलं तर ठमीचं काय होईल एवढंच मनात आलं. दुकानातल्या मशीनच्या खणात ठेवला. अजून तिथेच आहे. भाऊ आजही समजतो की ते तुझ्याकडून आलं.

एवढं मी आईलाही कधी बोलले नव्हते. आता सही कर. तिच्यासाठी. मुलाकडच्यांना काय सांगायचं ते मी बघेन.

वन्सं

९ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र माझ्या नावानं आहे. मी भावाच्या नावानं मागितलं होतं.

तुम्ही घाबरलात, बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी रस्त्यात टिल्लूसारखी निळी पोहण्याची टोपी घातलेलं पोर दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जात होते. तुम्ही चार दिवस कच्चा भात खाल्लात तर काय मोठंसं!

माझं घर कशावर मोडलं ते तुमच्या खणात पडून आहे. त्यावर तुम्ही रोज परकर आणि पडदे शिवलेत. तुमचे भाऊ निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. बायकोला एकदा विचारायला पोस्टमन लागत नाही.

पुन्हा लिहा. 'भाऊ' म्हणून सुरुवात करा. आणि आणखी काही पोटात असेल तर तेही ओका. नंतर मला एक जरी गोष्ट बाहेरून कळली तर ठमीचा रिपोर्ट विसरा.

हवामानबाई

१४ फेब्रुवारी

भाऊ,

हे पत्र तुझ्या बायकोच्या हातून तुला मिळेल. धाकटी तापानं गेली नाही. टिल्लूला झालं तेच तिला झालं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या बायकोचं रक्त स्वच्छ निघालं होतं. तो रिपोर्ट तिनं तुला पाठवला होता, मी दाबून ठेवला. या पत्राबरोबर जोडलाय. टिल्लूचा आजार आपल्या घरातून आला, तुझ्यातून आला, बहुतेक माझ्यातही आहे. तू स्वतःचं रक्त तपासून घे.

आता उरलेलं. 'आणखी काही असेल तर' असं वहिनीनं लिहिलं आणि तीन दिवस मी ते पत्र घेऊन फिरते आहे. तिला हे माहीत नाही. तुलाही नाही. मी नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. पण मी एक ठेवून दिलं आणि त्यापायी ठमीला काही झालं तर?

टिल्लू नऊ वर्षांचा असताना पोहण्याच्या वर्गात काठावर चक्कर येऊन पडला होता, आठवतं? शिट्टी वाजली होती. तू गावाला होतास. वहिनीची सकाळची पाळी होती, म्हणून त्याला मी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, घरात कुणी लहान वयात अचानक गेलंय का? कुणी आवाजानं, पाण्यात? मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाले, आजी नीट आठवा, असेल तर आत्ताच हृदयाचा आलेख काढतो. मला आजी म्हटल्याचा राग आला होता, तेवढंच मला तेव्हा वाटलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? टिल्लू म्हणाला, काही नाही. त्यांनी कागदावर लिहिलं: उपाशीपोटी चक्कर.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की आई वेधशाळेत पळाली आणि लेकरू उपाशी राहिलं.

वहिनी, तू हे वाचशील. मला माफ कर असं मी लिहीत नाही. फक्त सही कर.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पहिलं पत्र मला दहा जानेवारीला मिळालं. अकराला सकाळी मी रजा टाकली, दवाखान्यात गेले आणि टिल्लूच्या रिपोर्टवर सही करून आले. सल्लागार बाईंना धाकटीचं वय सांगितलं आणि म्हटलं, ताप लिहू नका, प्रश्नचिन्ह लिहा. त्यांनी त्याच दुपारी ठमीला फोन केला.

ठमीमध्ये तोच बदल निघाला. अठ्ठावीस जानेवारीपासून ती रोज गोळी घेते. डॉक्टर म्हणतात, गोळी चुकवली नाही तर तिला काहीही होणार नाही. ती पाण्यात जात नाही. मुलाला तिनं स्वतः सांगितलं. तो म्हणाला, गजर मी बंद करत जाईन. त्याच्या घरच्यांचं अजून नक्की नाही. आणि तुमचं सातात दोनचं आता सातात सात झालं. तुमच्याशिवाय ते तिच्यात येणार कुठून!

तुम्ही घंटा काढत होतात, गॅस बंद करत होतात, तिच्या छातीकडे बघत बसत होतात, तेव्हा ती औषधावर होती. तुम्हाला सांगू नकोस असं मी तिला म्हटलं होतं. तिनंही सांगितलं नाही. आईनं तक्त्यात काय लपवलं ते तिला तुमच्याच हातचं वाचायचं होतं. तुमचं एकेक पत्र येत होतं आणि मला आनंद होत होता. खरंच होत होता. कामावर जाता-येता मी तुमचा तो कच्चा भात आठवून हसत होते. मला वाटलं होतं, शेवटी तुमचं पत्र भावाच्या तोंडावर मारलं की माझं पोट भरेल.

मग शेवटचं आलं.

त्या 'उपाशीपोटी चक्कर'नंतर दोन वर्षं मी पहाटे चारला उठत होते. पाळी सहाची असली तरी त्याला उठवून, भरवून, वाटी रिकामी झालेली बघून मगच निघत होते. तो झोपेत चावायचा. गेला त्या दिवशीही पोटभर खाऊन गेला होता. तरी मी सहा वर्षं हिशेब लावते आहे की काय कमी पडलं, दूध कमी पडलं का, आदल्या दिवशी जेवला होता का. त्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, वन्सं. दोनदा. तुमच्या मुलीसाठी मी एक सही केली. माझ्या मुलासाठी तुम्हाला एकदा 'हो' म्हणायचं होतं.

तुमच्या भावाला पत्राची प्रत पाठवली. ते काल वेधशाळेच्या फाटकाशी आले होते. बराच वेळ उभे राहिले, रडले. मी रक्त तपासायच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला आणि आत निघून आले. माझी नोंदी घ्यायची वेळ झाली होती.

मूळ पत्र मी ठमीला दिलं. देऊ नये असं एकदा मनात आलं होतं, खोटं सांगत नाही. मग त्या झोपेत चावणाऱ्या पोराचा चेहरा समोर आला आणि दिलं. तिनं माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. टिल्लूच्या चकरेपाशी आली तेव्हा खाली बसली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "मामी, मी इथे राहू?"

ती माझ्याकडे आहे. तिचे कपडे न्यायला तिचा होणारा नवरा येईल, त्याच्याशी बोलू नका, फक्त पेटी द्या. ती तुमच्याकडे परत यायची शक्यता किती, ते मी रोज तिच्याकडे बघून ताडते. माझा अंदाज सहसा चुकत नाही. तो मी तुम्हाला सांगणार नाही.

टिल्लूची आई